इराण १९७९: शहांना कुणी घालवलं आणि राज्य कुणाच्या हाती गेलं?

शरयू

इराणचा विषय निघाला की आपल्याकडे दोन फोटो फिरतात. एकात सत्तरच्या दशकातल्या तेहरान विद्यापीठातल्या स्कर्ट घातलेल्या मुली, दुसऱ्यात काळ्या चादरीतल्या बायकांचा मोर्चा. खाली एक ओळ: काय होतं आणि काय झालं! मधल्या काळाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. त्या मधल्या काळावर सविस्तर बोलावं म्हणून हा धागा काढते आहे.

माझं म्हणणं आधीच मांडते. शहा मोहम्मद रझा पहलवी यांच्याविरुद्ध इराणातले जवळजवळ सगळे थर उठले होते. त्यात डावे होते, उदारमतवादी होते, बाजारातले व्यापारी होते, तेलकामगार, विद्यार्थी, कवी, शिक्षिका होत्या. पण शहांनी पंचवीस वर्षं एकूण एक संघटना मोडून काढली होती. पक्ष नाही, खरी कामगार संघटना नाही, मोकळं वर्तमानपत्र नाही. गावोगाव पोचलेली आणि सरकारच्या पैशावर न चालणारी एकच यंत्रणा उरली, ती म्हणजे मशीद. त्यामुळे क्रांती सगळ्यांनी केली आणि सत्ता मशिदीच्या हाती गेली. हे अटळ होतं असं मी म्हणत नाही. पण याची पायाभरणी शहांनी स्वतः केली, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात १९५३ पासून करावी लागते. मोहम्मद मोसादेघ यांच्या पुढाकाराने १९५१ मध्ये इराणच्या संसदेने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं आणि लगेच मोसादेघ पंतप्रधान झाले. तोवर तेल इराणचं आणि नफ्याचा मोठा वाटा ब्रिटिश कंपनीचा, असा कारभार होता. ब्रिटनने इराणी तेलाची नाकेबंदी केली. शेवटी १९ ऑगस्ट १९५३ रोजी अमेरिका आणि ब्रिटनच्या गुप्तचर यंत्रणांनी घडवून आणलेल्या बंडात मोसादेघ यांचं सरकार पडलं. आदल्या काही दिवसांत रोमला पळालेले शहा परत आले ते परक्यांच्या आधाराने, आणि हा डाग पुढे कधीच पुसला गेला नाही. मोसादेघ यांना आधी तुरुंगात आणि मग १९६७ मध्ये मरेपर्यंत अहमदाबाद नावाच्या आपल्या गावात नजरकैदेत ठेवलं होतं. (हे अहमदाबाद इराणातलं.)

१९५७ मध्ये सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली. तुदेह हा कम्युनिस्ट पक्ष १९४९ पासून बेकायदा होताच, आता त्याचं उरलंसुरलं जाळंही उद्ध्वस्त झालं. मोसादेघ यांची राष्ट्रीय आघाडी नावापुरती राहिली. १९७५ मध्ये तर शहांनी सगळे पक्ष बंद करून रस्ताखीझ हा एकच पक्ष काढला. ज्यांना तो मान्य नसेल त्यांनी पासपोर्ट घेऊन देश सोडावा, असं जाहीरपणे सांगितलं. इतकी वर्षं राजकारणापासून लांब राहून आपलं दुकान, आपला संसार बघणाऱ्या माणसालाही आता पक्षाच्या वहीत नाव घालावं लागणार होतं. राजाला घाबरून गप्प बसणारा माणूस राजाला चालत असे. आता त्याने जयजयकारही करावा अशी सक्ती आली.

मशीद का वाचली? शिया धर्मगुरूंची आर्थिक घडी वेगळी आहे. श्रद्धाळू शिया माणूस वर्षाच्या बचतीचा पाचवा हिस्सा, खुम्स, धर्मकार्यासाठी काढतो आणि तो ज्या मुज्तहिदला, म्हणजे धर्मनिर्णय देणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूला, मानतो त्याच्याकडे देतो. हा पैसा सरकारी तिजोरीत जात नाही. कोम शहरातली विद्यापीठं, तिथल्या विद्यार्थ्यांचे भत्ते, अनाथ-विधवांची मदत हे सगळं त्यावर चालतं. धर्मगुरूंचा पगार बंद करून त्यांना वठणीवर आणण्याची सोय राजाकडे नव्हती.

आता क्रांतीची ठिणगी. ७ जानेवारी १९७८ च्या 'एत्तेलाआत' या दैनिकात टोपणनावाने एक लेख आला. हद्दपारीत इराकच्या नजफमध्ये राहणाऱ्या आयातुल्ला खोमेनींची त्यात यथेच्छ निंदा होती. ते मूळचे हिंदुस्थानी आहेत, ब्रिटिशांशी त्यांचे लागेबांधे आहेत, अशी सूचना होती. (त्यांचे आजोबा खरोखरच अवधमधल्या किंतूर गावचे, आजच्या बाराबंकी जिल्ह्यातले.) ९ जानेवारीला कोममध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, माणसं मेली.

शिया रिवाजात मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी शोकसभा होते. कोमच्या मृतांचा चाळिसावा १८ फेब्रुवारीला तब्रीझमध्ये पाळला गेला. तिथे दंगल उसळली, पुन्हा माणसं मेली. तब्रीझचा चाळिसावा मार्चअखेर यझ्दमध्ये, तिथेही गोळीबार. प्रत्येक गोळीबार पुढच्या मोर्चाची तारीख ठरवत होता! कुठल्याही पक्षाला पत्रक काढावं लागलं नाही. शोकसभेवर बंदी घालणं मुसलमान राजाला अवघड, आणि शोकसभा होऊ दिली की ती राजकीय सभा होणार हे नक्की.

बाकीचं प्रतिसादांमध्ये बोलू.

केतकी

फार छान मांडलंयस. वाचतेय. चाळिसाव्याचं माहीत नव्हतं.

माणदेशी

शरयूताई, धागा उत्तम. पण तुम्ही राजकारण पुढे आणि पोट मागे ठेवलंय. माझ्या मते पोट पुढे हवं.

शहांनी १९६३ मध्ये 'श्वेत क्रांती' जाहीर केली. तिचा गाभा होता जमीनसुधारणा. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून कुळांना दिल्या. कागदावर उत्तम. पण बहुतेकांना मिळालेले तुकडे इतके लहान होते की त्यावर घर चालेना. आणि ज्यांच्याकडे कुळाचा हक्कच नव्हता त्या शेतमजुरांना काहीच मिळालं नाही. वर सरकारने पैसा ओतला तो धरणांत आणि मोठ्या यांत्रिक शेती कंपन्यांत. दुष्काळी भागात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. दोन-तीन एकर जिरायत हातात असली तरी माणूस मुंबईला जातोच.

ते तेहरानला गेले. १९५६ च्या जनगणनेत तेहरानची लोकसंख्या साधारण १५ लाख होती, १९७६ मध्ये ४५ लाखांच्या आसपास. शहराच्या दक्षिणेला झोपड्या आणि वीटभट्ट्यांचे खड्डे, उत्तरेला डोंगराच्या कुशीत बंगले. १९७३-७४ मध्ये तेलाचे भाव चौपट झाले. तो सगळा पैसा शहांनी एकदम अर्थव्यवस्थेत सोडला, शस्त्रखरेदी तर बेसुमार. बंदरांत जहाजं महिनोन्‌महिने खोळंबली, कारण उतरवून घ्यायला धक्के नाहीत आणि माल वाहायला ट्रकचालक नाहीत. महागाई भडकली, तेहरानची घरभाडी नोकरदाराच्याही आवाक्याबाहेर गेली.

महागाईचं खापर शहांनी फोडलं ते बाजारातल्या दुकानदारांवर. १९७५ पासून नफेखोरीविरोधी मोहीम सुरू झाली. कॉलेजातल्या पोरांना निरीक्षक करून दुकानादुकानांत भाव तपासायला धाडलं. हजारो दुकानदारांना दंड झाले, कित्येक तुरुंगात गेले, काहींना शहराबाहेर काढलं. आता तेहरानचा बाजार डोळ्यांसमोर आणा. छताखालच्या अरुंद गल्ल्या, पिढीजात पेढ्या, गालिचेवाले, सोनार, मसालेवाले, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मशीद. दुकानदाराची हुंडी, उधारी, भांडणाचा निवाडा, मुलीचं लग्न, सगळं त्याच वर्तुळात. हीच माणसं खुम्स देणारी. याच माणसाला शहांनी चोर ठरवलं. पुढे संपात उतरलेल्या कामगारांच्या घरी धान्य आणि पैसा पोचवला तो याच बाजाराने.

मग १९७७ मध्ये नवे पंतप्रधान आमूझेगार आले आणि महागाई आवरायला सरकारी खर्च आखडला. बांधकामं थंडावली. गावाकडून आलेला पोरगा जो विटा वाहत होता त्याचं काम गेलं. त्याच उन्हाळ्यात तेहरानच्या कडेच्या झोपड्या पाडायला बुलडोझर गेले तेव्हा लोकांनी पालिकेच्या माणसांशी मारामाऱ्या केल्या. हे कोमच्या गोळीबाराच्या आधीचं आहे, शरयूताई.

शरयू

माणदेशी, झोपड्यांचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, मान्य. तरी एक विचारते. भाव वाढले, भाडी वाढली, काम गेलं, हे त्या दशकात कितीतरी देशांत झालं. सगळीकडे राजा गेला नाही. राग होता हे तुम्ही दाखवलंत, तो राग एका दिशेने वळवायला यंत्रणा लागते. तुमच्याच बाजाराच्या वर्णनात ती आहे.

बाबा मुंबैकर

हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. १८९० मध्ये नासिरुद्दीन शहाने देशातल्या सगळ्या तंबाखूचा मक्ता एका इंग्रजाला विकला. पुढच्या वर्षी मिर्झा शिराझी यांच्या नावाने फतवा निघाला आणि लोकांनी तंबाखू सोडली. राजवाड्यातल्या जनान्यातही हुक्के बंद पडले असं सांगतात. मक्ता रद्द करावा लागला. बाजार आणि मशीद एकत्र आली की राजाला माघार घ्यावी लागते, हा धडा तेव्हाच गिरवून झाला होता.

आणि १९०६ विसरू नका. साखरेच्या भावावरून तेहरानच्या व्यापाऱ्यांना फटके मारले, त्यावरून पेटलेल्या आंदोलनातून संसद आणि संविधान आलं. हजारो माणसं ब्रिटिश वकिलातीच्या आवारात तंबू ठोकून बसली होती. आशियातल्या पहिल्या काही घटनात्मक चळवळींत तिची गणना होते. ते संविधान १९७९ पर्यंत कागदावर शाबूत होतं. विरोधकांची सुरुवातीची मागणी तरी काय होती? राजाने संविधानाप्रमाणे वागावं, इतकीच.

केतकी

एक भाबडा प्रश्न. आपल्याकडचे इराणी हॉटेलवाले या क्रांतीनंतर आलेले का?

बाबा मुंबैकर

नाही हो केतकीताई. मुंबई-पुण्याचे इराणी चहावाले त्याच्या कितीतरी आधीचे, एकोणिसाव्या शतकाचा शेवट आणि विसाव्याची सुरुवात. बरेचसे झरतुष्ट्री, यझ्द आणि कर्मानकडच्या खेड्यांतले. काही शिया मुसलमानही. डोंगरीजवळची निळ्या फरशांची मुघल मशीद तर १८६० ची, इराणी व्यापाऱ्याने बांधलेली. १९७९ नंतर देश सोडून गेलेल्यांचा मोठा लोंढा अमेरिकेत आणि युरोपात गेला. लॉस एंजेलिसमध्ये त्यांची केवढी वस्ती आहे!

जुना पुणेकर

सत्तरच्या दशकात पुण्याच्या कॉलेजांत इराणी विद्यार्थी पुष्कळ असत. आमच्या वसतिगृहात इस्फहानचा एक मुलगा होता, वाणिज्य शाखेचा. नाव लिहीत नाही. १९७८ च्या पावसाळ्यानंतर त्याची घरची पत्रं येईनाशी झाली, तिकडे टपाल खात्याचाही संप. रात्री तो आणि त्याचे मित्र खोलीचं दार लावून बीबीसीची फारसी बातमीपत्रं ऐकत. ट्रान्झिस्टर खिडकीच्या गजाला टेकवून धरला की आवाज जरा स्वच्छ येई, म्हणून एक जण बातम्या संपेपर्यंत तसाच उभा. बाकीचे जमिनीवर. गावाचं नाव आलं की ज्याचं गाव तो उठून जवळ जाई.

त्यांच्यात तीन तट होते. एक मार्क्स वाचणारा, एक नमाज पढणारा, आणि आमचा मित्र मोसादेघ यांचा भक्त. जेवायला मात्र एकत्र. अली शरियती या इराणी विचारवंताच्या भाषणांच्या झेरॉक्स प्रती तिघंही वाचत. इमाम हुसैन यांचं बलिदान म्हणजे जुलमी सत्तेविरुद्धचा लढा, अशी मांडणी शरियती करत, त्यामुळे डाव्या पोरालाही ती आपली वाटे आणि धार्मिक पोरालाही. ते १९७७ मध्ये इंग्लंडात वारले.

१६ जानेवारी १९७९ ला शहा विमानाने निघून गेले. तेहरानच्या दैनिकांनी पहिल्या पानभर दोनच शब्द छापले होते, 'शाह रफ्त'. शहा गेले. त्याचं कात्रण आमच्या मित्राला बऱ्याच दिवसांनी मिळालं आणि त्याने ते सगळ्यांना दाखवलं. पुढे तो परत गेला. १९८१ नंतर त्याचं पत्र आलं नाही. मी दोनदा लिहिलं होतं.

रानजाई

जुना पुणेकर काका, वाचून गलबलून आलं.

मला बायकांबद्दल लिहायचंय. शहांच्या काळात १९६३ मध्ये बायकांना मत मिळालं. १९६७ च्या कुटुंब संरक्षण कायद्याने नवऱ्याचा तोंडी तलाकचा एकतर्फी हक्क काढला, घटस्फोट कोर्टात आला. १९७५ मध्ये मुलींचं लग्नाचं किमान वय १८ झालं. हे मोठं काम होतं. आणि तरीही १९७८ च्या डिसेंबरात तासुआ-आशुराच्या, म्हणजे मोहरमच्या नवव्या-दहाव्या दिवसाच्या, मोर्चांत लाखोंनी बायका होत्या. सुशिक्षित, नोकरी करणाऱ्या, एरवी कधी चादर न घेणाऱ्या बायकांनी मुद्दाम चादर घेतली, राजाचा निषेध म्हणून. त्यांना मूर्ख ठरवणारे लेख वाचले की संताप येतो. रझा शहांनी, म्हणजे यांच्या वडिलांनी, १९३६ मध्ये पडद्यावर बंदी घालून पोलिसांकरवी रस्त्यात बायकांच्या डोक्यावरची वस्त्रं ओढायला लावली होती. कित्येक म्हाताऱ्या बायकांनी त्यानंतर घराबाहेर पाऊल टाकलं नाही. काय घालायचं ते राजाने ठरवायचं नाही, असं म्हणत त्यांच्या नाती मोर्चात आल्या होत्या.

मग काय झालं? १ फेब्रुवारी १९७९ ला खोमेनी आले. महिन्याभरात कुटुंब संरक्षण कायदा गुंडाळला, बायकांना न्यायाधीश होता येणार नाही असं ठरलं आणि कचेरीत हिजाब घालूनच यावं असं खोमेनींचं वक्तव्य आलं. ८ मार्चला, महिला दिनी, तेहरानमध्ये बर्फ पडत असताना हजारो बायका रस्त्यावर आल्या. मोर्चे पुढेही काही दिवस चालले. त्यांच्यावर दगड आले, सुरे आले. आणि ज्यांच्या खांद्याला खांदा लावून त्या शहांविरुद्ध लढल्या होत्या त्या डाव्या पक्षांनी सांगितलं, आत्ता हा प्रश्न काढू नका, साम्राज्यवाद हा मुख्य शत्रू आहे.

शिरीन एबादी या न्यायाधीश होत्या, क्रांतीच्या बाजूच्या होत्या. त्यांना त्यांच्याच कोर्टात कारकून करून बसवलं. शांततेचं नोबेल त्यांना २००३ मध्ये मिळालं. शहांच्या काळातल्या शिक्षणमंत्री फर्रुखरू पारसा यांना मे १९८० मध्ये मृत्युदंड दिला. मुलींच्या लग्नाचं वय नऊ चांद्रवर्षांवर आणलं गेलं, ते २००२ मध्ये १३ झालं. हिजाब न घातल्यास फटक्यांची शिक्षा १९८३ मध्ये कायद्यात आली.

या डाव्या भावांचं 'आत्ता नको' मी विसरू शकत नाही. तुदेह पक्षाने खोमेनींना शेवटपर्यंत पाठिंबा दिला. १९८३ मध्ये त्याच पक्षाचे नेते पकडले गेले आणि दूरचित्रवाणीवर कबुलीजबाब द्यायला लावले गेले.

पोफळी

रानजाई म्हणते त्यातला शब्द न् शब्द मान्य. पण क्रांतीचे टिकून राहिलेले परिणाम म्हणाल तर अजून एक बाजू आहे, आणि मी आरोग्याच्या क्षेत्रात काम करते म्हणून मला ती लिहिल्याशिवाय राहवत नाही.

इराणच्या खेड्यांत 'खाने-ये-बेहदाश्त' म्हणजे आरोग्यघरं आहेत. साधारण दीड हजार लोकवस्तीमागे एक. तिथे काम करणारे 'बेहवर्ज' त्याच गावचे किंवा शेजारच्या गावचे असतात, बहुधा एक बाई आणि एक पुरुष. दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि मग नियमित पगाराची नोकरी. गावातल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद, गरोदर बाईच्या तपासण्या, लसी, पाण्याची तपासणी हे सगळं त्यांच्याकडे. भिंतीवर गोलाकार तक्ता असतो, त्यात त्या वर्षातले जन्म-मृत्यू, वय, कारण, महिना सगळं एका नजरेत दिसतं. प्रयोगाची सुरुवात शहांच्या काळात पश्चिम अझरबैजान प्रांतात झाली होती, पण देशभर जाळं विणलं गेलं ते क्रांतीनंतर, तेही इराकशी युद्ध चालू असताना. आमच्या आशाताईंना मानधनासाठी दरवर्षी मोर्चे काढावे लागतात, म्हणून ही पगाराची गोष्ट मला विशेष वाटते.

'जिहाद-ए-साझंदगी' नावाने तरुणांच्या तुकड्या खेड्यांत रस्ते, वीज, पाणी न्यायला गेल्या. १९७६ च्या जनगणनेत इराणातल्या साधारण ३५ टक्के बायका साक्षर होत्या, १९९६ मध्ये ७४ टक्के. ऐंशीच्या दशकात एका बाईमागे सहाहून अधिक मुलं होती, २००० च्या सुमारास दोनच्या आसपास. इतक्या वेगाने जन्मदर खाली आलेले देश जगात फार थोडे. १९८९ पासून सरकारनेच कुटुंबनियोजन पुन्हा सुरू केलं, लग्नाआधी जोडप्याला वर्ग सक्तीचा केला.

जुन्या वळणाच्या बापाला मुलगी शहांच्या काळातल्या शाळेत पाठवायला धीर होत नसे. शाळा 'इस्लामी' झाल्यावर त्याच बापाने पाठवली. आणि शिकलेल्या त्या मुली आणि त्यांच्या लेकी २००९ ला रस्त्यावर होत्या, २०२२ ला महसा अमिनीच्या मृत्यूनंतरही होत्या.

रानजाई

पोफळी, हे मी नाकारत नाही. फक्त याचं श्रेय राजवटीला देताना हात आखडता घ्यावा. शिकायचं त्या मुलींनी मनावर घेतलं होतं. विद्यापीठात मुली निम्म्याहून जास्त झाल्यावर काही अभ्यासक्रम मुलींना बंद करणारीही हीच राजवट.

अभय वा

सगळ्यांचं वाचलं. माझं मत वेगळं आहे. कारणं कितीही असोत, खंबीर राजा टिकला असता. शहांना १९७४ मध्येच रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं होतं आणि ते जगापासून लपवलं गेलं. १९७८ मध्ये ते आज सवलत देत, उद्या मार्शल लॉ लावत. शरीफ-एमामींना पंतप्रधान करून जुगारअड्डे बंद केले, १९७६ मध्ये आणलेली राजशक ही नवी कालगणना मागे घेतली, वर्तमानपत्रं मोकळी केली, आणि दोन आठवड्यांत तेहरानच्या झालेह चौकात निदर्शकांवर गोळीबार. नोव्हेंबरात 'तुमच्या क्रांतीचा आवाज मी ऐकला' असं भाषण केलं आणि त्याच दिवशी लष्करी सरकार नेमलं! अशाने सैन्याचा धीर सुटणारच. त्यात भर म्हणजे स्वतःच्याच माणसांना अटक केली. तेरा वर्षं पंतप्रधान राहिलेले होवेदा आणि सावाकचे माजी प्रमुख नसीरी यांना शहांनीच तुरुंगात टाकलं. पुढे क्रांतिकारकांनी दोघांनाही आयतं पकडून गोळ्या घातल्या.

माणदेशी

अभयराव, तेलकामगारांवर किती गोळ्या झाडणार? ऑक्टोबर १९७८ मध्ये ते संपावर गेले तेव्हा रोजचं उत्पादन साठ लाख पिंपांच्या घरात होतं, काही आठवड्यांत ते पंधरा लाखांवर आलं. डिसेंबरअखेर निर्यात ठप्प. सैनिक आबादानच्या शुद्धीकरण कारखान्याला वेढा घालू शकतात, कारखाना चालवू शकत नाहीत. बँका, वीज, जकात, टपाल सगळीकडे हेच. राजाची तिजोरी तेलावर होती, म्हणून रयतेचा सारा गोळा करायची गरज नव्हती आणि रयतेचं ऐकायचीही नव्हती. ती तिजोरी ज्यांच्या हातात होती त्यांनीच हात काढून घेतला.

शरयू

अभय, राजाचा आजार आणि धरसोड यांनी वेग वाढवला हे खरं. पण धरसोड का झाली पाहा. १९७८ च्या उत्तरार्धात शहा तडजोड करायला तयार होते, आणि तडजोड करायला समोर माणूसच नव्हता. जी मध्यममार्गी मंडळी पंधरा वर्षांपूर्वी आनंदाने बोलायला आली असती त्यांना सावाकने घरी बसवलं होतं. शेवटी शापूर बख्तियार हे राष्ट्रीय आघाडीचे नेते पंतप्रधान व्हायला तयार झाले, तर त्यांच्याच पक्षाने त्यांना काढून टाकलं. त्यांनी सावाक बरखास्त करायची घोषणा केली, राजकीय कैदी सोडले. त्यांच्या हाती सदतीसच दिवस आले.

विश्वास किती उडाला होता याचं उदाहरण देते. १९ ऑगस्ट १९७८ ला आबादानच्या रेक्स चित्रपटगृहाला आग लावली गेली, दारं बंद होती, चारशेच्या आसपास माणसं जळून मेली. लोकांनी क्षणभरही विचार न करता सावाकला दोषी धरलं. क्रांतीनंतरच्या खटल्यात वेगळंच पुढे आलं, धार्मिक गटाशी संबंध आलेल्या एका स्थानिक तरुणाला त्यात फाशी झाली. पण १९७८ मध्ये सरकारने खरं सांगितलं असतं तरी कुणी मानलं नसतं. झालेह चौकातही हजारो मेल्याची वदंता पसरली. नंतर इराणातच झालेल्या मोजदादीत आकडा शंभराच्या आत निघाला. ज्या देशात वर्षानुवर्षं खरी बातमी छापू दिली नाही तिथे अफवेलाच बातमीचं मोल आलं.

आता सत्ता कशी गेली त्याबद्दल. ९ फेब्रुवारी १९७९ ला तेहरानच्या हवाई तळावर तंत्रज्ञ सैनिक आणि शाही रक्षकदल यांच्यात चकमक उडाली. सशस्त्र डावे गट मदतीला धावले, शस्त्रागारं फुटली, ११ तारखेला लष्कराने तटस्थता जाहीर केली. लढले डावे आणि सैनिक. पण दुसऱ्या दिवसापासून गल्लीत पहारा कुणाचा, रॉकेल कोण वाटणार, पकडलेल्याला कुठे नेणार? प्रत्येक मशिदीभोवती 'कोमितेह' म्हणजे स्थानिक समित्या उभ्या राहिल्या. मेहदी बाझरगान पंतप्रधान होते, सज्जन आणि लोकशाहीवादी. त्यांच्या हातात कचेऱ्या होत्या, गल्ल्या नव्हत्या. मे महिन्यात क्रांतिरक्षक दल स्थापन झालं. शहांच्या पहलवी प्रतिष्ठानाची मालमत्ता 'मुस्तझफान' म्हणजे दीनदुबळ्यांच्या नावाने नव्या प्रतिष्ठानाकडे गेली, आणि सरकारी अंदाजपत्रकाबाहेरचा केवढा तरी पैसा धर्मसत्तेच्या हाताशी आला. बाझरगान नोव्हेंबरात अमेरिकन वकिलात ताब्यात घेतली गेल्यावर पायउतार झाले.

चिंतामणी ७

पण लोकांनी मत देऊनच हे आणलं ना? ९८ टक्के?

शरयू

हो. ३० आणि ३१ मार्च १९७९ ला सार्वमत झालं, अधिकृत आकडा ९८.२ टक्के. प्रश्न एकच होता: इस्लामी प्रजासत्ताक, हो की नाही. हिरवी चिठ्ठी हो, लाल चिठ्ठी नाही. त्या प्रजासत्ताकाची रचना काय असेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, मसुदा प्रसिद्धच झाला नव्हता.

आणि मला सगळ्यात चटका लावणारी गोष्ट त्यानंतरची आहे. जूनमध्ये आलेला संविधानाचा पहिला मसुदा फ्रान्सच्या धर्तीवरचा होता. त्यात राष्ट्राध्यक्ष होता, संसद होती, सर्वोच्च धर्मगुरूचं पद नव्हतं. खोमेनी किरकोळ बदल करून तो लगेच सार्वमताला टाकायला राजी होते. हट्ट धरला तो उदारमतवाद्यांनी आणि डाव्यांनी. मसुदा वरून लादू नका, निवडून आलेल्या संविधान सभेत चर्चा करा. तत्त्वाने त्यांचं म्हणणं अगदी रास्त होतं. मग ऑगस्टमध्ये ७३ जणांच्या तज्ज्ञसभेची निवडणूक झाली. गावोगाव उमेदवार उभा करू शकणारी, मतदार आणू शकणारी यंत्रणा एकाच गटाकडे होती. निवडून आलेल्यांत बहुसंख्य धर्मगुरू, आणि बाई एकच, मोनीरेह गोर्जी. या सभेने पहिला मसुदा बाजूला सारला आणि 'विलायत-ए-फकीह', म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूचा अंतिम अधिकार, संविधानात घातला. त्याच्या अखत्यारीत लष्कर, न्यायसंस्था, आणि उमेदवारांना चाळणी लावणारं रक्षक मंडळ.

डिसेंबर १९७९ मध्ये ते सार्वमताने मंजूर झालं. राष्ट्रीय आघाडीने आणि अनेक डाव्या गटांनी त्यावर बहिष्कार घातला होता.

चिंतामणी, इराकशी झालेल्या आठ वर्षांच्या युद्धाने ही व्यवस्था कशी घट्ट केली आणि १९८८ मध्ये तुरुंगांत हजारोंना फाशी दिली तेव्हा खोमेनींचेच नियोजित वारस आयातुल्ला मुंतझिरी त्याविरुद्ध कसे उभे राहिले, हे लिहायला वेगळा धागा लागेल. तो मी काढणार आहे. जुना पुणेकर काका, तुमच्या मित्राची पत्रं अजून जपून ठेवली असतील तर त्यातला जेवढा भाग सांगता येईल तेवढा तिथे नक्की लिहा.